लपलेली चिठ्ठी आणि कच्चा लिंबू : एका वादाची पार्श्वभूमी

चतुर्थीला मूळ घरी गोतावळा जमला, आरत्या आटोपल्या की आता पत्त्यांच्या जोडीला लपलेल्या भूमिकांचा एखादा खेळही निघतो, म्हणजे कोण कुठल्या बाजूचं ते चिठ्ठीत झाकलेलं आणि बोलण्यातून ओळखायचं. नियमांचा कागद इंग्रजीत, आरडाओरडा कोंकणीत, हिशेब मराठीत. आणि वाद ठरलेला. पहिल्यांदाच बसणाऱ्या मामीला खेळ किती सोपा करून द्यायचा?

राजा-मंत्री-चोर-शिपाई सगळ्यांनीच खेळलेला असतो, तो समजावत बसत नाही. एवढंच लक्षात घ्या की त्यात चारांपैकी दोन चिठ्ठ्या उघड होतात. राजा आपण होऊन बोलतो, मग मंत्री पुढे येतो. झाकलेले उरतात दोघे, म्हणून पहिलीतलं पोरही त्यात रमतं. २००२ साली इटलीत आलेल्या ‘बँग!’ या पत्त्यांच्या खेळात शेरीफ पहिल्यापासून उघडा बसतो, तीही हीच युक्ती.

आजच्या खेळांची मूळ वाट मात्र ‘माफिया’तून आली. १९८६च्या सुमारास मॉस्कोतल्या मानसशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने तो रचला. रात्री माफिया गुपचूप एकेकाला बाद करतात, दिवसा सगळे मिळून बोलून त्यांना हुडकतात. १९९७मध्ये एका अमेरिकन प्रोग्रामरने त्यातल्या माफियांचे नरलांडगे केले. नियम मोजकेच, पण पहिल्याच रात्री बाद झालेला भिडू डाव संपेपर्यंत इतरांची तोंडं बघत बसतो. नव्या माणसाला हमखास दिला जाणारा ‘साधा गावकरी’ तर मला सर्वांत अवघड वाटतो. हातात कुठलीच शक्ती नाही, कसली माहिती नाही, नुसतं बोलून तगायचं.

२००९च्या ‘रेझिस्टन्स’ने बाद होणंच काढून टाकलं. गट दोन, एक मोहिमा पार पाडणारा आणि दुसरा त्या आतून बुडवणारा, आणि कुणाच्याही चिठ्ठीला खास शक्ती नाही. त्याच घडणीच्या २०१२च्या ‘ॲव्हलॉन’ने चांगल्या बाजूचा मर्लिन आणला. त्याला जवळजवळ सगळे दुष्ट ठाऊक असतात, पण शेवटी दुष्टांच्या मारेकऱ्याने त्याला ओळखलं तर जिंकलेला डाव हातचा जातो. सोपं करायचं म्हणून एकट्या मर्लिनला वगळता येत नाही. तो गेला की मारेकऱ्यालाही काम उरत नाही, दोघांना मिळूनच काढावं लागतं. पर्सिव्हल, मॉर्गना, मॉर्ड्रेड, ओबेरॉन या जादा भूमिका मुळातच ऐच्छिक आहेत, तरी उत्साही यजमान पहिल्याच डावात सगळी पानं वाटतो.

‘भूमिका’ हा शब्दही घोळ घालतो. माणूस कुठल्या बाजूचा आणि त्याच्या हातात काय शक्ती, या दोन वेगळ्या गोष्टी. आपण दोन्हींना भूमिकाच म्हणतो. २०१६च्या ‘सिक्रेट हिटलर’ने पक्षाचं कार्ड वेगळं आणि भूमिकेचं वेगळं दिलं. चौकशी होते ती पक्षाच्या कार्डाची. पाच-सहा जण असले तर हिटलरला आपला साथीदार कळतो, सातपासून पुढे कळत नाही.

आता खरा तंटा. पकडापकडीत लहानग्याला कच्चा लिंबू करतात, तो कधीच बाद होत नाही. ते तिथे खपतं, कारण सगळं डोळ्यांसमोर चाललेलं असतं. तीच सवलत इथे आणून ‘मामीला मुद्दाम साधीच चिठ्ठी देऊ’ असं ठरवलं, की मामी चांगल्या बाजूची हे टेबलावर जाहीर झालं. ‘ॲव्हलॉन’मध्ये सात जणांत तिघे दुष्ट आणि पहिल्या मोहिमेवर दोघेच जातात. कुणीही चांगला नेता स्वतःला आणि मामीला पाठवेल, मोहीम फुकटात पार! शिवाय मामीवर कुणी संशय घेत नाही, म्हणजे खेळातली मजा तिच्याच वाट्याला येत नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की ज्यांना देवासमोर खोटं बोलायला संकोच वाटतो त्यांना चोर का करायचं? मुद्दा खोटा नाही. पण त्यासाठी माटोळीखालून, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या सजावटीखालून, उठून ओसरीवर बसता येतं.

नव्याची अडचण लपवण्यापेक्षा विचारण्यात जास्त असते. ‘या मॉर्गनाने करायचं काय?’ असं मामीने मोठ्याने विचारलं की डाव तिथेच फुटला. म्हणून सगळ्या भूमिका लिहिलेला कागद प्रत्येकाच्या हाती द्यावा, जाणत्यांच्याही. सगळेच खाली बघताना दिसले की कोण कशासाठी बघतंय ते कळत नाही. पहिला डाव सगळी पानं उघडी ठेवून खेळला तर अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

२०१४मध्ये एकाच रात्रीचा नरलांडगा आला. दहाएक मिनिटांत संपतो, सूत्रधाराचं काम मोबाइल करतो, आणि चुकलं तर लगेच पुन्हा वाटता येतं. २०२०च्या टाळेबंदीत घरात अडकलेली पोरं ‘अमंग अस’ या ऑनलाइन खेळावर चिकटली. तो खेळ २०१८चा, पण ओळखीचा झाला तेव्हाच. त्यात मेलेला भिडूसुद्धा भूत होऊन आपली कामं पुरी करतो. सुरुवातीला त्यात कामकरी आणि घुसखोर एवढेच होते. इंजिनिअर, शास्त्रज्ञ वगैरे २०२१च्या नोव्हेंबरात आले, तोवर पोरांचा हात बसलेला होता. तीच पोरं आता चतुर्थीला पानं वाटतात. त्यांना मर्लिन मिनिटात कळतो, साधी चिठ्ठी आली की मात्र तोंड पडतं.