नॉइज संगीताची हरवलेली ध्वनिमुद्रणे (बेळगाव सीमाभाग)

नॉइज संगीत म्हणजे ठरावीक चाल, ताल वा राग यांचा आधार न घेता यंत्रांची घरघर, रेडिओची खरखर, माइक-स्पीकरची शिट्टी, पत्र्यावरचे घाव आणि विजेची गुणगुण यांतून रचलेले संगीत. ते करणारे गट लहान, श्रोते त्याहून कमी, आणि प्रती बहुधा घरीच भरलेल्या कॅसेटवर. त्यामुळे ही ध्वनिमुद्रणे सहज हरवतात. हरवणे म्हणजे दर वेळी नष्ट होणे नव्हे. फीत शाबूत असते, पण तिच्यावर कोणी काकडआरती भरलेली असते. कधी फीत असते, पण डबी दुसऱ्याच कॅसेटची असते. कधी नुसती डबीच उरते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील हवा, वीज आणि घरोघरची टेप वापरण्याची सवय धरून अशा कॅसेटांचा शोध व पुनर्प्राप्ती कशी करावी, हे या नोंदीत दिले आहे. दुरुस्तीची बहुतेक कामे भजनाच्या आणि नॉइजच्या कॅसेटला सारखीच आहेत. फरक एकाच जागी पडतो आणि तोच अवघड आहे: भजनाच्या कॅसेटवरची खरखर हा दोष असतो, इथे खरखर हेच गाणे असू शकते.

पूर्वपीठिका : इटालियन चित्रकार लुइजी रुसोलो याने १९१३ मध्ये गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा लिहिला आणि त्यासाठी भोंगे लावलेली लाकडी पेटीवाद्ये बनवली. मूळ वाद्यांपैकी एकही उरलेले नाही. त्याचा भाऊ अँतोनिओ याच्या १९२१ च्या तबकडीवर ती वाद्ये वाद्यवृंदाच्या साथीला ऐकू येतात, तेवढाच त्या काळचा आवाज. म्हणजे या संगीताचा इतिहासच हरवण्यापासून सुरू होतो. फ्रान्समध्ये प्येर शेफेर याने १९४८ मध्ये आगगाडीसारखे मुद्रित आवाज जोडून रचना केल्या. जपानचा मासामी अकिता १९७९ पासून मर्झबाऊ या नावाने हे संगीत करत आला आणि सुरुवातीची वर्षे त्याने घरी भरलेल्या कॅसेट टपालाने पाठवल्या. पुढे जगभरच्या लहान गटांनी हीच रीत उचलली.

भारतातले सर्वांत बोलके उदाहरण अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे आहे. तिथे १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर याच्या मदतीने मूग कंपनीचा सिंथेसायझर (विजेवर आवाज घडवणारे वाद्य) बसवण्यात आला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत त्यावर काम केले. त्या फिती संस्थेच्याच संग्रहात होत्या, फक्त कोणी त्यांची विचारपूस केली नव्हती. ब्रिटिश संगीतकार पॉल पर्गस याने त्या शोधून वाजत्या केल्या आणि त्यांतील निवडक रचना २०२३ मध्ये प्रकाशित झाल्या. काटेकोर अर्थाने हे नॉइज नव्हे, इलेक्ट्रॉनिक संगीत. पण ‘हरवलेले’ पुष्कळदा कपाटातच असते हे यावरून कळते.

कॅसेट ओळखणे : नावावर कधीच विसंबू नये. कॅसेट महाग होती तेव्हा एकच फीत चार-पाच वेळा भरली जाई. वरच्या कडेचे प्लॅस्टिकचे दात मोडलेले असतील तर पुन्हा भरू नये असे कोणीतरी ठरवले होते. त्या भोकांवर चिकटपट्टी दिसली, तर नंतर तो बेत बदलून वर दुसरे काही भरले गेले. अशा कॅसेटी बाजूला टाकायच्या नाहीत, उलट आधी ऐकायच्या. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे मावतात. वर भरलेली आरती वीस मिनिटांत संपली, तर पुढची पंचवीस मिनिटे जुने मुद्रण तसेच असते. म्हणून दोन्ही बाजू शेवटच्या पांढऱ्या फितीपर्यंत चालवाव्यात. टेपचे पुसणारे हेड (फितीला टेकणारा चुंबकीय भाग) नीट बसलेले नसेल, तर नव्या आवाजाखाली जुन्याची पुसट सावलीही राहते. मात्र ती वेगळी काढण्याच्या फंदात पडू नये, हाती काही लागत नाही.

आणखी एक गोष्ट. वडगाव, शहापूर, खासबाग भागात घरात भरलेल्या कॅसेटमध्ये यंत्रमागाची खटखट शेजारून आलेली असू शकते आणि उद्यमबागेजवळ कारखान्याचा ठोका. तो आवाज मुद्दाम घेतला की खिडकी उघडी होती, हे एका कॅसेटवरून सांगता येत नाही. त्याच घरची दुसरी एखादी कॅसेट, वाढदिवसाची का असेना, लावून पाहावी. तिथेही तीच खटखट पार्श्वभूमीला असेल तर ती त्या घराची आहे.

हवा आणि बुरशी : बेळगावात जून ते सप्टेंबर हवा ओलसर असते आणि खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीकडच्या घाटमाथ्यावर, त्याहून किती तरी अधिक. निपाणी-चिकोडीकडे कोरडे पडत जाते. तिथे बुरशीपेक्षा धूळ आणि उन्हाने वाकलेली पेटी (कॅसेटचे प्लॅस्टिकचे कवच) जास्त आढळते. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेवर पांढरी पूड किंवा जाळे दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट चांगल्या टेपमध्ये घालू नये, कारण हेडला आणि रबरी चाकाला लागलेले कण पुढच्या प्रत्येक कॅसेटवर पोचतात.

आधी ती वेगळ्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, आठवडाभर ठेवावी. आर्द्रता साठ टक्क्यांखाली गेली की बुरशीची वाढ थांबते. ती मरत नाही, म्हणून नंतरही डबा कोरडाच हवा. मग नाकावर मास्क बांधून, उघड्यावर, मऊ कोरड्या ब्रशने गुंडाळीची कड झाडावी. ओल्या फडक्याने पुसणे, उन्हात तापवणे, फ्रीजमध्ये ठेवणे हे तिन्ही घातक. साठवणीच्या ट्रंकेत डांबरगोळ्या टाकण्याची आपली जुनी सवय इथे नडते. त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीनची पेटी चिकट होते.

पेटी बदलणे : पाच स्क्रूची पेटी लहान फिलिप्स पेचकसने उघडते. सांधे चिकटवलेली पेटी मात्र शिवणीवर पातळ पाते फिरवून फोडावी लागते आणि ती परत वापरता येत नाही. त्यासाठी स्क्रूवाली एखादी निरुपयोगी कॅसेट आधीच हाताशी ठेवावी. कॅसेट आडवी, सपाट टेबलावर ठेवूनच उघडावी. उभी धरून उघडली की गुंडाळी सुटून फितीचा गुंता होतो. फीत गुंडाळणाऱ्या दोन्ही चकत्या, दोन्ही बाजूंचे पातळ निसरडे कागद, छोटी चाके आणि फीत हेडवर दाबून धरणारा मधोमधचा फेल्टचा तुकडा नव्या पेटीत त्याच क्रमाने मांडावा. आवाज बसका येत असेल तर पुष्कळदा दोष फितीचा नसून गळून पडलेल्या फेल्टचा असतो, असे मानून तिथूनच सुरुवात करावी. तुटलेली फीत तिरकी कापून, ३.८१ मिमी रुंदीच्या सांधपट्टीने मागच्या बाजूने जोडावी. साधी सेलोटेप लावली तर तिचा डिंक उन्हाळ्यात पाझरून पुढच्या वेढ्याला चिकटतो. सर्वांत नाजूक १२० मिनिटांची कॅसेट: तिची फीत सुमारे ९ मायक्रॉन जाडीची, साठवालीची त्याच्या जवळपास दुप्पट. टेपने कॅसेट खाल्ली असे आपण म्हणतो, ती बहुधा हीच असते.

वाजवणे : हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे; रबरी चाकाला मात्र सौम्य साबणाचे पाणी पुरे, अल्कोहोलने जुने रबर कडक होते. मग हेडचा कल जुळवावा. डावा-उजवा आवाज एकत्र करून ऐकत हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी थोडा फिरवायचा आणि सर्वांत टोकदार, चरचरीत आवाज जिथे येईल तिथे थांबायचे. एरवी हे काम कंटाळवाणे. नॉइज संगीतात सोपे, कारण उंच पट्टीचा आवाज सतत चालूच असतो. डबीवर डॉल्बीची (फितीची सूं-सूं कमी करणाऱ्या मुद्रणपद्धतीची) खूण असेल तर डॉल्बी लावून एकदा आणि न लावता एकदा, अशी दोन मुद्रणे घ्यावीत. घरच्या टू-इन-वनवर भरलेल्या कॅसेटला डॉल्बीची गरज सहसा पडत नाही.

गती आणि विजेची गुणगुण : कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंमी या वेगाने चालावी अशी रचना आहे. प्रत्यक्षात स्वस्त टेप दोन-तीन टक्के पुढे-मागे असतो आणि सेल उतरलेले असतील तर त्याहून किती तरी मंद. गाण्याच्या कॅसेटमध्ये हार्मोनियमचा सूर तपासून वेग सुधारता येतो. नॉइजमध्ये सूरच नाही, तेव्हा आधार उरतो तो मुद्रणात शिरलेल्या विजेच्या गुणगुणीचा. आपली वीज ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० आवर्तने), म्हणून संगणकावरच्या आलेखात ती ५० आणि १०० हर्ट्झला दिसायला हवी. ५२ ला दिसली तर आपला टेप चार टक्के जलद चालला आहे, असा सरळ हिशेब.

सीमाभागात मात्र हा हिशेब फसतो. कर्नाटक दक्षिणेच्या वीजजाळ्यात, महाराष्ट्र पश्चिमेच्या. रायचूर-सोलापूर वाहिनी सुरू होऊन ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एकतालात आले. तोवर बेळगावची आणि कोल्हापूरची वीज एकाच क्षणी वेगवेगळ्या वारंवारतेने धडधडत होती. त्यातच १९९० च्या दशकात तुटवड्यामुळे दक्षिणेत वारंवारता ४८.५ हर्ट्झच्याही खाली जाई. २००३ मध्ये नवी दरपद्धती आल्यावर ती बरीच सुधारली. म्हणजे बेळगावात १९९५ साली विजेवर भरलेल्या कॅसेटची गुणगुण ओढून ५० वर बसवली, तर मुद्रण तीन टक्के जलद होऊ शकते. यावर उपाय असा: त्याच कॅसेटवर त्याच टेपने भरलेले एखादे प्रसिद्ध चित्रपटगीत सापडल्यास त्याच्या मूळ तबकडीशी सूर ताडून पाहावा. गीत रेडिओवरून घेतलेले असले तरी चालेल; दुसऱ्या कॅसेटवरून उतरवलेले असेल तर त्या टेपचीही चूक त्यात मिसळते. असे काहीच नसेल, तर वेग बदलू नये आणि गुणगुण किती हर्ट्झला दिसली ते लिहून ठेवावे. गुणगुण अजिबात नसेल तर मुद्रण सेलवर झाले असण्याचा संभव आहे. पुढेपुढे आवाज चढत चाललेला वाटला तर सेल उतरत होते.

दोष की संगीत : आवाज नियमित अंतराने तुटत असेल तर घड्याळ लावून अंतर मोजावे. बुरशी किंवा दाब गुंडाळीच्या एकाच कडेला असतो, त्यामुळे चकतीच्या दर फेऱ्याला एकदा आवाज बुडतो. रिकाम्या चकतीचा व्यास सुमारे २२ मिमी, नव्वद मिनिटांच्या भरल्या गुंडाळीचा ५० मिमीच्या आसपास. म्हणून हे अंतर एका टोकाला जवळजवळ दीड सेकंद आणि दुसऱ्या टोकाला सव्वातीन सेकंद असते, आणि कॅसेट चालेल तसे हळूहळू बदलते. कलाकाराने फीत गोल जोडून केलेली पुनरावृत्ती शेवटपर्यंत एकाच अंतराची राहते. मोठ्या आवाजाआधी किंवा नंतर चकतीच्या एका फेऱ्याइतक्या अंतरावर येणारा पुसट प्रतिध्वनी हा शेजारच्या वेढ्यावर उमटलेला चुंबकीय ठसा होय, प्रतिध्वनियंत्र नव्हे.

मोठ्या धमाक्यानंतर सूं-सूं हळूहळू वर येत असेल, तर तो स्वयंचलित पातळीनियंत्रण असलेल्या साध्या टेपचा श्वास आहे. तो दोष म्हणून काढू नये. गटाने स्वतः ऐकलेली कॅसेट तशीच होती. खरखर कमी करणारी सॉफ्टवेअरे शांत जागेतला नमुना घेऊन तसा आवाज सगळीकडून वजा करतात. नॉइजच्या कॅसेटवर ती चालवली की रचनाच वजा होते.

फाईल : ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन्ही चॅनेल, डब्ल्यूएव्ही. मिनिटाला सुमारे ३५ एमबी, नव्वद मिनिटांच्या कॅसेटला ३ जीबीच्या थोडे वर. फ्लॅकमध्ये (आवाज न गमावता फाईल लहान करणाऱ्या प्रकारात) ठेवून जागा वाचेल ही अपेक्षा इथे फारशी पुरी होत नाही: गाण्याची फाईल निम्म्यावर येते, पण गोंगाटात पुनरावृत्ती नसल्याने आकुंचनाला वावच नसतो. एमपी३ चे नुकसानही याच संगीतात सर्वांत जास्त. १२८ केबीपीएसला सोळा किलोहर्ट्झवरचा भाग सहसा कापला जातो आणि खालच्याला पाण्यातल्यासारखी खळखळ येते. पातळी शिखराला उणे सहा डेसिबल ठेवावी. फितीवर मुळातच फाटलेल्या आवाजाच्या लहरींचे माथे आलेखात गोलसर असतात. आपल्या मुद्रणात माथे सपाट दिसले तर चूक आपली आहे, पुन्हा घ्यावे.

नोंदवही : डबी, दोन्ही बाजूंची चिठ्ठी आणि आतला कागद यांची छायाचित्रे घ्यावीत. भारतीय कायद्यानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षे टिकतो, म्हणून प्रसिद्ध करण्यापूर्वी हक्क ज्यांच्याकडे असेल त्यांची, ते हयात नसतील तर वारसांची, लेखी परवानगी लागते. चिठ्ठी देवनागरी, कन्नड किंवा रोमन लिपीत असू शकते आणि एकाच डबीवर तिन्ही असणेही सीमाभागात नवल नाही. तिन्ही जशाच्या तशा उतरवाव्यात, सुधारू नयेत. सूचीत गावाची सर्व रूपे द्यावीत: बेळगाव, बेळगावी, बेलगाम; निपाणी, निप्पाणी; चिकोडी, चिक्कोडी. शहराचे नाव अधिकृतपणे बेळगावी झाले ते १ नोव्हेंबर २०१४ रोजी. त्यामुळे जुन्या दिसणाऱ्या कॅसेटवर रोमन लिपीत नवे नाव छापलेले आढळल्यास चिठ्ठी नंतर लावली असावी असे धरून चालावे आणि फितीचे वय पेटीवरून ठरवावे.