सोलापूरची सायकल : घर आणि काम यांच्यातील अंतराचा इतिहास

सोलापुरात सायकलने कामावर जाण्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा रस्त्यांच्या अवस्थेवर येऊन थांबते. परंतु या शहरात सायकल का रुजली आणि का मागे पडली, याचे उत्तर घर आणि कामाचे ठिकाण यांच्यातील अंतरात अधिक सापडते.

१८६० मध्ये रेल्वे आली आणि १८७० च्या दशकात सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजे आजही जिला लोक ‘जुनी मिल’ म्हणतात ती, उभी राहिली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी आणि जाम या गिरण्या आल्या. कामगारवस्त्या गिरण्यांच्या आसपासच असल्याने भोंगा झाल्यावर पायी निघणे बहुतेकांना पुरेसे होते. सायकल तेव्हा विलायती आणि महाग होती. स्वातंत्र्यानंतर मद्रासमध्ये टीआय (१९४९), सोनिपतमध्ये ॲटलस (१९५१) आणि लुधियानात हिरो (१९५६) या सायकल कंपन्यांचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा कुठे ती पगारदाराच्या आवाक्यात आली. शहर बव्हंशी सपाट असल्यामुळे चढाचा त्रास नव्हता. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा मात्र होता आणि आहे.

पूर्व भागाचे गणित वेगळे होते. तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांच्या अनेक घरांत राहणे आणि माग एकाच छपराखाली असल्याने कामावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. तेथे सायकल लागे ती सुताची गाठोडी आणि चादरींचे गठ्ठे वाहण्यासाठी. विडी कामगार स्त्रिया पाने-तंबाखू घरी आणून वळलेल्या विड्या पोहोचवत, तेही बहुधा पायीच. सायकल सर्वांचे वाहन होते असे आपण सहज म्हणतो, पण या स्त्रियांचा विचार केला तर ते विधान टिकत नाही.

बदल दोन बाजूंनी आला. १९७२ मध्ये लुना ही मोपेड आणि १९८० च्या दशकात १०० सीसीच्या मोटारसायकली बाजारात आल्या. त्याच सुमारास गिरण्यांना उतरती कळा लागली होती. १९९२ च्या हद्दवाढीने शहराचे क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढून सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले, आणि नवे रोजगार अक्कलकोट रस्त्याच्या व चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतींकडे सरकले.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाला प्राधान्य दिले आणि जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरची निवड झाली. तथापि अंतराचा प्रश्न या काळात वाढतच गेला. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, आणि तेथेच असंघटित कामगारांसाठी आखलेल्या ३०,००० घरांच्या रे नगर प्रकल्पातील १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये हस्तांतरित झाली. पक्के घर मिळाले हे मोठेच काम; परंतु पूर्व भागातील कारखाना तेथून सुमारे दहा किलोमीटरवर, वाट महामार्गाची, आणि पाळी संपते तेव्हा पुष्कळदा अंधार पडलेला असतो.