वसतियोग्य ग्रह आणि वस्तीचा ग्रह

‘पृथ्वीसारखा ग्रह सापडला’ आणि ‘परग्रहावर जीवनाच्या खुणा’ या दोन बातम्या वाचणाऱ्याला जवळजवळ एकच वाटतात. दोन्हींसोबत कुणीतरी रंगवलेलं निळसर गोळ्याचं चित्र असतं. पण पहिलीचा अर्थ एवढाच, की तिथं जीव तग धरू शकला असता. दुसरीचा अर्थ, तिथं जीव असावा असं काहीतरी दिसलं. गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर अशी दोन-चार बंद घरं असतात, ज्यांचे मालक मुंबईला किंवा पोर्तुगालला आहेत. छप्पर शाबूत, विहिरीला पाणी. घर राहण्याजोगं आहे हे रस्त्यावरून कळतं. आत माणूस आहे म्हणायला मात्र दोरीवर ओले कपडे दिसावे लागतात.

परग्रहांच्या बाबतीत आपण अजून रस्त्यावरच आहोत. 2025 च्या सप्टेंबरात दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ज्ञात परग्रहांची संख्या 6000 वर पोचली, पण त्यांतल्या बहुतेकांविषयी आपल्याला ठाऊक काय आहे? ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा उजेड किती कमी झाला त्यावरून आकार, ताऱ्याला किती हेलकावा बसला त्यावरून वस्तुमान, आणि किती दिवसांत फेरी पूर्ण होते त्यावरून ताऱ्यापासूनचं अंतर. या अंतरावरून ठरतं की ग्रह ‘वसतियोग्य पट्ट्यात’ आहे की नाही, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहील इतपत ऊब त्याला मिळते का. बातमीतलं ‘पृथ्वीसारखा’ बहुतेक वेळा एवढ्यावरच उभं असतं.

हा पट्टा किती ढोबळ आहे ते आपल्याच अंगणात तपासता येतं. आपला चंद्र सूर्यापासून पृथ्वीइतक्याच अंतरावर आहे, ऐन पट्ट्यात. तरी हवा धरून ठेवण्याइतकं त्याचं गुरुत्वाकर्षण नाही आणि तिथं पाण्याचा ओहोळ वाहत नाही. शुक्र पट्ट्याच्या आतल्या कडेशी आहे आणि त्याचा पृष्ठभाग सुमारे 460 अंश सेल्सिअसला तापलेला आहे. उलट शनीचा चंद्र एन्सेलॅडस जेमतेम 500 किलोमीटर व्यासाचा आणि पट्ट्यापासून फार दूर. तरी त्याच्या बर्फाच्या कवचाखाली खारा समुद्र आहे आणि भेगांतून त्या पाण्याचे फवारे अवकाशात उडतात. ते फवारे कॅसिनी यानाने 2005 मध्ये पाहिले आणि पुढे त्यांतून उडत जाऊन तपासले. त्यांत हायड्रोजन वायू मिळाला, म्हणजे तळाशी गरम खडक आणि पाणी यांची रासायनिक क्रिया चालू असावी. 2023 मध्ये त्याच यानाच्या नोंदींत जीवाला लागणारं फॉस्फेटही सापडलं.

तळाशी गरम खडक असणं एवढं महत्त्वाचं का, याचं उत्तर पृथ्वीवरच्या समुद्रात आहे. 1977 मध्ये गालापागोस बेटांजवळ अल्विन पाणबुडी खोल समुद्रतळावरच्या गरम झऱ्यांपाशी उतरली. सूर्याचा एक किरणही पोचत नाही तिथं शास्त्रज्ञांना शिंपल्या, खेकडे, हातभर लांब नळीकिडे दिसले, आणि हा सगळा संसार झऱ्यांतल्या रसायनांवर जगणाऱ्या जिवाणूंच्या जिवावर चाललेला. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेसोबत 2024 च्या डिसेंबरात हिंदी महासागरातल्या अशाच एका जिवंत झऱ्याचं छायाचित्र टिपलं, सुमारे 4500 मीटर खोलीवर. हे काम आपल्या वास्कोच्या सड्यावरून चालतं याचा मला मनापासून अभिमान वाटतो. एन्सेलॅडसच्या तळाचा अंदाज आपण अशाच झऱ्यांकडे पाहून बांधतो. मात्र हे सगळं मिळूनही एन्सेलॅडस राहण्याजोगा ठरतो एवढंच. तिथं जीव आहे याचा पुरावा आजवर मिळालेला नाही.

मग वस्तीचा पुरावा कसा असतो? 1990 च्या डिसेंबरात गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान पृथ्वीजवळून गेलं, तेव्हा खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी त्याची उपकरणं आपल्यावरच रोखली. पृथ्वीविषयी काहीच माहीत नाही असं धरून चाललो, तर इथं जीवन आहे हे कळेल का? कळलं. हवेत भरपूर ऑक्सिजन आणि सोबत मिथेन दिसला. हे दोन वायू एकत्र टिकत नाहीत, मिथेन दहा-बारा वर्षांत जळून संपतो. तरी तो दिसतोय, म्हणजे कुणीतरी दोन्हींची भर सतत घालत आहे. जमिनीवरचं एक रंगद्रव्य लाल प्रकाश जोरात शोषत होतं, ती झाडांची पानं. शिवाय माणसाशिवाय कुणी पाठवणार नाही असे रेडिओ संदेश. वायू आणि रंगद्रव्य या खुणा एकेकट्या दुसऱ्या कारणानेही समजावता आल्या असत्या, सगळ्या मिळून मात्र दुसरं कारण सापडेना.

पण याच पृथ्वीकडे 300 कोटी वर्षांपूर्वी कुणी पाहिलं असतं तर? तेव्हा जीव होते, मात्र हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. तो साठायला लागला साधारण 240 कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे शंभर कोटी वर्षांहून अधिक काळ हा ग्रह वस्तीचा असूनही दुरून तसा दिसला नसता.

त्या काळाची नोंद डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या खाणींत आहे. गोव्याचं लोहखनिज ज्या पट्टेरी खडकातून आलं, त्याचे लोखंड आणि सिलिका यांचे एकाआड एक थर प्राचीन समुद्राच्या तळाशी बसले. पुढे पावसापाण्याने सिलिका धुपून गेली आणि समृद्ध माल उरला. जहाजं भरभरून बाहेर गेला तो हाच. जगभरच्या अशा खडकांतलं लोखंड मुख्यतः खोल समुद्रातल्या गरम झऱ्यांतून आलं आणि पाण्यात विरघळलेलं होतं. ते गंजून तळाशी कशामुळे बसलं, यावर मात्र आजही वाद आहे. निळ्या-हिरव्या जिवाणूंनी सोडलेल्या ऑक्सिजनमुळे, असं एक मत. ऑक्सिजन लागलाच नाही, दुसऱ्या जिवाणूंनी सूर्यप्रकाशाच्या बळावर थेट लोखंडच गंजवलं, असं दुसरं. आणि अतिनील किरणांनीही थोडंफार ते होऊ शकतं, तिथं जीवाचा संबंधच नाही. हातात धरता येणारा, प्रयोगशाळेत कापता येणारा आपल्या गावचा दगड, आणि त्यातली खूण कुणाची यावर अजून चर्चा चालते. दूरच्या ग्रहाच्या प्रकाशातल्या एका रेषेवरून ‘जीवन सापडलं’ म्हणणाऱ्यांनी घाई करू नये असं मला वाटतं ते यामुळे.

मंगळावर ही घाई एकदा करून झाली आहे. 1976 मध्ये दोन व्हायकिंग यानं उतरली ती थेट दुसरा प्रश्न घेऊन: इथं जीव आहे का? मंगळाच्या मातीवर किरणोत्सारी कार्बन घातलेलं पोषक पाणी टाकलं आणि त्यातून वायू निघाला. माती आधी खूप तापवली की निघेना. जीव असता तर हेच झालं असतं. पण दुसऱ्या उपकरणाला त्या मातीत सेंद्रिय पदार्थ मिळाले नाहीत, आणि 2008 मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे क्लोरिनचं क्षार सापडल्यावर जीवाविना तसा वायू सुटण्याची वाट अधिक पटण्याजोगी झाली. प्रयोगाचे कर्ते गिल्बर्ट लेविन अखेरपर्यंत आपल्या निष्कर्षावर ठाम राहिले.

म्हणून 2012 मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी या गाडीला पहिलाच प्रश्न दिला, आणि तिने तो 2013 मध्येच सोडवला. गेल विवरात कधीकाळी पिण्याजोगं गोडं पाणी होतं. पर्सिव्हिअरन्स या दुसऱ्या गाडीला 2024 मध्ये एका खडकावर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके दिसले. त्यांत लोखंडाची अशी खनिजं आहेत, जी पृथ्वीवरच्या चिखलात बहुधा जिवाणूंमुळे तयार होतात. शास्त्रज्ञांनी त्याला ‘संभाव्य’ खूण म्हटलं, आणि तो शब्द फार जपून वापरलेला आहे.

दोन प्रश्नांची गल्लत सर्वांत जास्त झाली ती के2-18बी या ग्रहाबाबत. तो 124 प्रकाशवर्षांवर, पृथ्वीच्या 2.6 पट त्रिज्येचा आणि पट्ट्यात आहे, म्हणून ‘वसतियोग्य’ म्हणून गाजला. तिथं समुद्र आहे की नुसतं वायूचं जाड आवरण, हेही नक्की नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन यांच्या गटाने तिथं डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसल्याचं सांगितलं. समुद्राच्या वासात ज्याचा वाटा आहे तो हा वायू. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी जुवारीच्या खाडीत तो मोजला आहे, आणि तिथं तो सूक्ष्म वनस्पतींमुळे बनतो यात शंका नाही. के2-18बीवरची नोंद मात्र शोध म्हणण्याच्या पातळीच्या खाली होती, आणि इतर गटांनी तीच माहिती पुन्हा तपासली तेव्हा भरवशाची खूण मिळाली नाही. त्यातच हा वायू 67पी या धूमकेतूवरही आढळला आहे, जिथं जीवाचा प्रश्नच नाही.

2024 च्या ऑक्टोबरात निघालेलं युरोपा क्लिपर हे यान 2030 मध्ये गुरूपाशी पोचेल. गुरूचा चंद्र युरोपा, त्याचं बर्फाचं कवच किती जाड, खालचा समुद्र किती खारा, तळाशी ऊर्जा मिळते का, हे ते पाहील. जीव शोधणारं उपकरण त्यावर नाही, आणि ते जाणूनबुजून ठेवलेलं नाही. तेव्हा त्या वर्षांत ‘युरोपा राहण्याजोगा’ असा मथळा आला, तर तो पहिल्या प्रश्नाचं उत्तर असेल. दुसऱ्यासाठी तिथं उतरावं लागेल, आणि तशी मोहीम अजून मंजूर झालेली नाही.