डिफिब्रिलेटर लीड

आयसीडी, म्हणजे शरीरात बसवलेला डिफिब्रिलेटर, आणि हृदय यांना जोडणारी तार म्हणजे डिफिब्रिलेटर लीड. कॉलरबोनखाली ठेवलेल्या यंत्राच्या डबीतून निघून ती शिरेवाटे उजव्या निलयात, म्हणजे हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात पोचते. तिची कामे तीन: ठोके टिपणे, गरज पडल्यास पेसमेकरसारखे हलके स्पंद देणे, आणि निलयाची गती बेफाम झाली (व्हीटी) किंवा तिथे नुसती थरथर उरली (व्हीएफ) तर 35 ते 40 ज्यूलचा झटका पोचवणे. रुग्ण डबीला ‘बॅटरी’ म्हणतात आणि सगळी काळजी तिचीच करतात. पण बॅटरी उतरू लागल्याचे यंत्र काही महिने आधी सांगते आणि ती छोट्या शस्त्रक्रियेत बदलता येते. तार पुष्कळदा आगाऊ सूचना न देता बिघडते, आणि तोवर शिरेच्या भिंतीला चिकटलेली असते. या यंत्रणेतला कच्चा दुवा तीच.

पूर्वेतिहास

मिशेल मिरोव्स्की आणि मॉर्टन मॉवर यांच्या कल्पनेतून आलेले पहिले यंत्र 4 फेब्रुवारी 1980 रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बसवले गेले. अमेरिकेत सर्वसाधारण वापराला 1985 मध्ये परवानगी मिळाली. त्या काळी छाती उघडून हृदयावर झटक्याची पट्टी लावावी लागे आणि डबी पोटात ठेवावी लागे. पुढे झटक्याची गुंडाळी शिरेतूनच आत नेता येऊ लागली, दोन टप्प्यांत दिशा बदलणारा (बायफेजिक) झटका आल्यामुळे लागणारी ऊर्जा घटली आणि डबीचे धातूचे कवचच दुसरा ध्रुव म्हणून वापरता आले. छाती न उघडता, पेसमेकर बसवावा तसा आयसीडी बसू लागला तो या तीन गोष्टींमुळे.

रचना

लीडची जाडी फ्रेंच या एककात मोजतात. 1 फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. प्रचलित लीड 7 ते 9 फ्रेंचच्या, म्हणजे जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरच्या असतात. एवढ्या जाडीत मधोमध पोकळ स्प्रिंगसारखा वाहक आणि त्याच्याभोवती वेगवेगळ्या बोगद्यांतून जाणाऱ्या बारीक केबली बसवलेल्या असतात. वाहक निकेल, कोबाल्ट, क्रोमियम व मॉलिब्डेनम यांच्या मिश्रधातूचे असून झटक्याचा प्रवाह वाहण्यासाठी त्यांच्या गाभ्यात चांदी भरतात. टोकाला हृदयाच्या स्नायूत फिरवून रुतवायचा मळसूत्री स्क्रू असतो. त्याच्याजवळ डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ठेवलेले असते. ते हळूहळू झिरपून तिथली सूज दबवते, नाहीतर पहिल्या काही आठवड्यांत स्पंदासाठी लागणारा व्होल्टेज चढतो. झटक्याची गुंडाळी प्लॅटिनम-इरिडियमची. काही लीडना वरच्या महाशिरेत येईल अशी दुसरी गुंडाळीही असते. हल्ली बहुतेक ठिकाणी एकच गुंडाळी पसंत करतात, कारण वरची गुंडाळी महाशिरेच्या पातळ भिंतीला चिकटते आणि काढताना तीच जिवावर बेतते.

आवरणाचा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. सिलिकोन मऊ आणि शरीरात टिकाऊ, पण घासले की झिजते आणि सहज चिरते. पॉलियुरेथेन चिवट व निसरडे असते, मात्र त्याच्या जुन्या मऊ प्रकाराला शरीरात भेगा पडत. म्हणून दोहोंचे मिश्रण किंवा एकावर दुसऱ्याचा थर वापरतात. तारेवर येणारा ताण ध्यानात घ्यायला हवा: दिवसाला सुमारे 1 लाख ठोके, म्हणजे दहा वर्षांत 36 कोटींहून जास्त वेळा वाकणे, आणि हाताची हालचाल वेगळीच.

बसवण्याची रीत

बहुधा डाव्या बाजूला भूल देऊन कॉलरबोनखाली छेद घेतात. शीर गाठण्याचे तीन मार्ग आहेत: सेफॅलिक (दंडाकडून येणारी) शीर उघडून, ॲक्सिलरी (काखेतल्या) शिरेत सुई घालून, किंवा सबक्लेव्हियन (कॉलरबोनखालच्या) शिरेतून. तिसरा सर्वांत सोपा आणि तारेच्या दृष्टीने सर्वांत वाईट. त्यात तार कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या चिमट्यात सापडते आणि काही वर्षांत तिथेच चेंगरून तुटते. क्ष-किरणांखाली, आतल्या लवचिक सळईच्या (स्टायलेट) आधाराने टोक निलयात नेतात आणि स्क्रू ठरल्याइतकेच फेरे देऊन बाहेर काढतात. जास्त फिरवल्यास आतला वाहक पिळला जातो.

मग मोजमापे. ठोक्याचा संकेत 5 मिलिव्होल्टपेक्षा जास्त हवा, 0.5 मिलिसेकंदाच्या स्पंदाला 1 व्होल्टच्या आत हृदयाने प्रतिसाद द्यावा, आणि स्पंद-मार्गाचा विद्युत रोध साधारण 300 ते 1200 ओहमच्या दरम्यान असावा. 10 व्होल्टवर स्पंद देऊन छाती-पोटामधला श्वासाचा पडदा (डायफ्रॅम) उडतो का तेही पाहतात. टोक रुतल्यावर आत थोडी ढील ठेवतात: कमी ठेवली तर उभे राहताना, खोल श्वास घेताना ओढ बसून टोक सुटते, जास्त ठेवली तर वेटोळे आत लोंबते. तार स्नायूला बांधायची ती सोबतच्या रबरी बाहीवरून. दोरा थेट तारेवर आवळला तर आवरण तिथेच कापले जाते. शेवटी पिन डबीच्या भोकात घालून ती स्क्रूच्या पलीकडे दिसते ना हे पाहतात, किल्लीचा टक आवाज येईपर्यंत स्क्रू कसतात आणि तार हलकेच ओढून पाहतात. हा स्क्रू ढिला राहिला तर पहिल्याच दिवसांत रोध वाढतो व संकेतात खरखर दिसते, आणि नव्याकोऱ्या लीडवर तुटल्याचा आळ येतो.

पूर्वी टेबलावरच मुद्दाम व्हीएफ घडवून झटका तपासत. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 2500 रुग्णांच्या सिंपल या अभ्यासानंतर नेहमीच्या डाव्या बाजूच्या रोपणात ती चाचणी बहुतेकांनी सोडली.

घरी गेल्यावर चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नसतो. भीतीपोटी हात गळ्यात बांधून ठेवणारेही असतात. त्यांचा खांदा आखडतो.

बिघाड कसा ओळखावा

वाहक तुटताना आधी त्याची टोके एकमेकांना घासत राहतात. डबीत साठवलेल्या इलेक्ट्रोग्रामवर (लीडने टिपलेल्या संकेतांच्या आलेखावर) खऱ्या ठोक्यांच्या मध्ये उंच, वेडेवाकडे, अनियमित काटे दिसतात. दोन काट्यांतले अंतर 120-130 मिलिसेकंद. 140 मिलिसेकंदांहून कमी अंतर खऱ्या ठोक्यांत सहसा आढळत नाही, हीच निदानाची किल्ली. यंत्राला मात्र हे व्हीएफ वाटते. ते आठ-दहा सेकंद कॅपॅसिटर (झटक्याची ऊर्जा साठवणारा भाग) भरते आणि पूर्ण शुद्धीत असलेल्या माणसाला छातीत लाथ बसावी तसा झटका देते. तार तुटलेलीच असल्याने खरखर थांबत नाही, आणि झटके लागोपाठ येत राहतात. अशा वेळी डबीवर चुंबक ठेवला की झटके थांबतात, पेसिंग चालू राहते. चुंबक काढल्यावर यंत्र बहुधा पूर्ववत होते. खरे व्हीएफही तेवढा वेळ ओळखले जात नाही, म्हणून हे मॉनिटर लावून, बाहेरचा डिफिब्रिलेटर शेजारी ठेवूनच करतात.

वाहक तुटला की रोध चढतो. आवरण फाटले तर उलट घडते: रोध उतरतो. यातला सर्वांत फसवा प्रकार झटक्याच्या मार्गातला शॉर्ट सर्किट. रोजच्या कमी व्होल्टेजच्या तपासणीत सगळे ठीक दिसते आणि 700-800 व्होल्ट सुटल्यावर प्रवाह आतल्या आत वळतो. रुग्णाला झटका मिळत नाही आणि डबीही जळू शकते.

प्रत्येक खरखर तारेची नसते. अर्थिंग नसलेल्या गिझरच्या नळाला किंवा वॉशिंग मशीनला ओल्या हाताने स्पर्श केल्यावर 50 हर्ट्झची एकसारखी लहर इलेक्ट्रोग्रामवर उमटते. ती सुबक, समान अंतराची असते. तुटक्या तारेची खरखर कधीच तशी नसते. यावर इलाज इलेक्ट्रिशियन करतो, सर्जन नव्हे.

फिडेलिस आणि रिआटा

2004 मध्ये बाजारात आलेली मेडट्रॉनिक कंपनीची स्प्रिंट फिडेलिस ही 6.6 फ्रेंचची सडपातळ लीड डॉक्टरांना आवडली, कारण ती शिरेत अलगद जाई. मिनियापोलिसचे रॉबर्ट हाउझर व सहकाऱ्यांनी तिच्या लवकर तुटण्याकडे 2007 मध्ये लक्ष वेधले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ती मागे घेतली गेली. तोवर जगभर सुमारे 2 लाख 68 हजार लीड बसल्या होत्या. त्यातून निघालेली सुधारणा म्हणजे आधीच बसवलेल्या यंत्रांत बाहेरूनच भरता येणारी सूचक प्रणाली. रोधातली उसळी आणि अतिलघु अंतरांची मोजणी जुळली की ती इशारा देते, शिवाय झटक्याआधी जास्त ठोके मोजायला यंत्राला लावते.

सेंट ज्यूड कंपनीच्या रिआटा या लीडचा दोष वेगळा होता. आतल्या केबली बोगद्यात पुढेमागे सरकत सिलिकोनला आतून बाहेर पोखरत आणि नंतर क्ष-किरणात आवरणाबाहेर लोंबताना दिसत. डिसेंबर 2011 मध्ये अमेरिकी नियामकाने तिला पहिल्या श्रेणीचा, म्हणजे सर्वांत गंभीर, रिकॉल लावला. गंमत अशी की बाहेर आलेल्या केबलीही कित्येकदा विद्युतदृष्ट्या ठणठणीत असत, कारण त्यांच्यावर फ्लुरोपॉलिमरचे स्वतःचे पातळ आवरण होते. दोन्ही प्रकरणांत चांगल्या चालणाऱ्या लीड सरसकट काढू नयेत असाच निर्णय झाला. काढण्यातला धोका तुटण्यातल्या धोक्याहून मोठा ठरत होता.

काढणे

वर्षाहून जुनी लीड तंतूंनी वेढलेली असते. नुसती ओढली तर हृदय किंवा महाशीर फाटते. तारेच्या पोकळीत घट्ट अडकून बसणारी (लॉकिंग) सळई घालून तारेवरून 308 नॅनोमीटर लेझरची किंवा फिरत्या पात्याची नळी सरकवत चिकटलेला भाग सोडवतात. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 1449 रुग्णांच्या लेक्सिकॉन अभ्यासात यश 97.7 टक्के व गंभीर गुंतागुंत 1.4 टक्के होती. हे आकडे सराव असलेल्या केंद्रांचे आहेत, आणि तिथेही हृदयशल्यविशारद हाताशी लागतोच. तुटलेली लीड सोडून शेजारी नवी घालता येते, पण जंतुसंसर्गात डबी आणि सगळ्या तारा काढाव्याच लागतात. निव्वळ अँटिबायोटिकने काम भागत नाही. डबीभोवती रक्त साठून फुगले तर सुई घालून काढायचे नाही. बाहेरचे जंतू आत जातात ते तिथूनच.

शिरेबाहेरचे पर्याय

त्वचेखालून छातीच्या हाडालगत जाणारी एस-आयसीडी 80 ज्यूलचा झटका देते. 2020 च्या प्रिटोरियन अभ्यासात (849 रुग्ण) ती शिरेतल्या यंत्राच्या तोडीस तोड ठरली; तारेच्या गुंतागुंती कमी आणि चुकीचे झटके थोडे जास्त. नेहमीचे पेसिंग किंवा व्हीटी मोडणारे वेगवान स्पंद तिला देता येत नाहीत. छातीच्या हाडामागून तार नेणाऱ्या आणि असे स्पंद देऊ शकणाऱ्या यंत्राला अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळाली.

मृत्यूनंतर

दहनापूर्वी आयसीडीची डबी काढावी लागते, कारण बंद बॅटरी उष्णतेने फुटते. काढण्याआधी तंत्रज्ञाकडून प्रोग्रॅमरने, म्हणजे यंत्राची मांडणी बाहेरून बदलणाऱ्या उपकरणाने, झटके बंद करून घ्यावेत. चालू यंत्राची तार कापली तर पक्कडीच्या स्पर्शाने खरखर होते, यंत्र तिला व्हीएफ समजते आणि झटका कापणाऱ्याच्या हाताला बसतो.