सिडनी बंदरातला कमोडोर आणि पितळी बिल्ल्याचा राजा

१८२० च्या दशकात सिडनीच्या बंदरात शिरणाऱ्या जहाजांना दोन माणसं हमखास गाठत. एक काळा म्हातारा, डोक्यावर टॉप हॅट, अंगात आरमारी कोट. आपण या बंदराचे कमोडोर आहोत, तेव्हा सलाम करा, असं ऐटीत फर्मावणारा. दुसरा इथला मूळ रहिवासी, लष्करी कोट आणि अनवाणी पाय, गळ्यात चंद्रकोरीच्या आकाराचा पितळी बिल्ला. तो टोपी काढून लवून आपल्या देशात पाहुण्यांचं स्वागत करी आणि मग यजमानाचा हक्क म्हणून नाणी किंवा दारू मागे. प्रवासवर्णनं लिहिणाऱ्यांनी दोघांनाही विदूषकांच्या खात्यात जमा केलं. बिली ब्लू आणि बंगारी ही ती दोन नावं.

ही सोंगं कुठून आली ते कळण्यासाठी आधी वसाहत पाहावी लागते. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटनने सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात पाठवले. आपल्याकडे ज्याला काळं पाणी म्हणत, तोच प्रकार. १८०८ मध्ये तिथल्या लष्कराने गव्हर्नर ब्लाय यालाच पदच्युत केलं आणि ती घडी बसवायला १८१० मध्ये लॅकलन मॅक्वारी नवा गव्हर्नर म्हणून आला. हा गडी मुंबईत मुरलेला. १७८८ पासून पलटणीबरोबर हिंदुस्थानात होता, १७९३ मध्ये मुंबईतच जेन जार्विसशी त्याचं लग्न झालं. ती १७९६ मध्ये मकाऊला वारली, पण दफन केलं ते मुंबईत आणून. १७९५ मध्ये या जोडप्याने कोचीनच्या बाजारात दोन लहान गुलाम मुलगे विकत घेतले होते. त्यातला जॉर्ज पुढे जार्विस हेच आडनाव लावून आयुष्यभर मॅक्वारीच्या चाकरीत राहिला, त्याच्याबरोबर सिडनीतही आला. त्याने कधी कोणाला हसवलं नाही, म्हणून असेल, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

शिक्षा संपली की माणूस पुन्हा सगळ्यांच्या बरोबरीचा, असं मॅक्वारीचं धोरण. सुटलेल्या कैद्यांना तो जेवायला बोलवी. सभ्य वसाहतवाल्यांचा त्याने जळफळाट होई. नकली दस्तऐवज केल्याबद्दल शिक्षा झालेला फ्रान्सिस ग्रीनवे त्याने सरकारी वास्तुशिल्पी नेमला. (याच ग्रीनवेचा चेहरा १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दहा डॉलरच्या नोटेवर छापला गेला. बनवाबनवी करणाऱ्याचा याहून मोठा सत्कार कुठे झाला असेल!)

बिली ब्लू याच मर्जीतला. लंडनजवळ डेप्टफर्डला तो चॉकलेट बनवायचा आणि जहाजांवर हमालीही करायचा. १७९६ मध्ये कच्ची साखर चोरल्याबद्दल त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. त्यातली चारहून अधिक वर्षं नांगरलेल्या जुन्या जहाजांवरच्या तुरुंगात गेली आणि १८०१ च्या डिसेंबरात ‘मिनॉर्का’ जहाजातून तो सिडनीला उतरला. सुटल्यावर १८०५ मध्ये त्याने एलिझाबेथ विल्यम्सशी लग्न केलं आणि होडी चालवायला घेतली. आपण क्वेबेकच्या लढाईत होतो, अमेरिकेच्या युद्धात होतो, असं तो सांगे. ऐकणाऱ्याने किती खरं मानायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. १८११ मध्ये मॅक्वारीने त्याला बंदराचा पहारेकरी आणि कॉन्स्टेबल केलं, १८१७ मध्ये उत्तर किनाऱ्यावर ८० एकर जमीन दिली. त्याच्या होड्या वाढत गेल्या तशी ‘कमोडोर’ ही पदवी गव्हर्नरच्या थट्टेतून निघाली, असं सांगतात. बिलीने ती थट्टा हुद्द्यासारखी अंगावर चढवली. १८१८ मध्ये चोरट्या रमसकट सापडल्यावर नोकरी गेली, तरी कोट आणि पदवी सुटली नाही. म्हातारपणी तो भाडं उतारूंकडून घेई आणि वल्ही मारायलाही त्यांनाच लावी, अशीही कथा आहे. १८३४ मध्ये तो वारला. त्याची जमीन आजही ब्लूज पॉइंट म्हणून ओळखली जाते.

बंगारीचं आयुष्य यापेक्षा कितीतरी मोठं आणि त्याच्यावर अन्यायही तेवढाच मोठा. तो सिडनीच्या उत्तरेकडच्या ब्रोकन बे भागातला. १७९९ मध्ये किनाऱ्यांचे नकाशे काढणारा ब्रिटिश दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स याच्याबरोबर तो ‘नॉरफोक’ जहाजावर गेला आणि १८०२-०३ मध्ये ‘इन्व्हेस्टिगेटर’वरून त्याने अख्ख्या खंडाला प्रदक्षिणा घातली, ती पुरी करणारा या भूमीत जन्मलेला हा पहिलाच माणूस. त्याचं काम काय होतं? अनोळखी किनाऱ्यावर माणसं दिसली की कपडे उतरवायचे, भाला खाली ठेवायचा आणि एकट्याने पुढे जायचं. तिथली भाषा त्याला येतेच असं नव्हे. तरीही मागे बंदुका घेऊन उभे असलेले गोरे आणि समोरचे भालेवाले यांच्यात त्याने कितीदा तरी समेट घडवला. फ्लिंडर्सने त्याच्या स्वभावाची आणि धाडसाची तारीफ लिहून ठेवली आहे. जहाजावरच्या ट्रिम नावाच्या मांजराशी त्याची गट्टी होती, हेही फ्लिंडर्सच लिहितो.

३१ जानेवारी १८१५ रोजी, स्वतःच्या वाढदिवशी, मॅक्वारीने बंगारीला जॉर्जेस हेड इथे शेती, झोपड्या, बियाणं, होडी दिली आणि ‘ब्रोकन बे टोळीचा प्रमुख’ असं कोरलेला तो बिल्ला गळ्यात घातला. शेती टिकली नाही. ज्यांचा किनारा, त्यांनाच त्यातला तुकडा बक्षीस म्हणून द्यायचा, यातली गोम मॅक्वारीला दिसली असेल असं मला वाटत नाही. पुढच्याच वर्षी त्याने धाडलेल्या सैनिकांनी अॅपिनजवळ रात्री छावणीवर हल्ला केला. किमान चौदा मूळ रहिवासी मेले. बिल्ल्यांची प्रथा मात्र फोफावली. राजेशाही नसलेल्या समाजांत गोऱ्यांनी शंभर वर्षं पितळी ‘राजे’ नेमले.

ऑगस्टस अर्लने १८२६ च्या सुमारास काढलेलं बंगारीचं तैलचित्र कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे: लाल कोट, बिल्ला, उंचावलेली टोपी आणि मागे बंदर. एकामागून एक आलेल्या गव्हर्नरांच्या चालीची आणि बोलण्याची तो हुबेहूब नक्कल करी. लोक बंगारीला हसत होते, की त्याच्याबरोबर गव्हर्नरांना, हा प्रश्न चित्र पाहताना पडतोच. २४ नोव्हेंबर १८३० रोजी तो गेला.

त्याची बायको कोरा गूसबेरी त्याच्यामागे वीसेक वर्षं जगली. तिच्याही गळ्यात ‘सिडनी आणि बॉटनीची राणी’ असा बिल्ला होता. १८४५ च्या सुमारास पोलीस अधिकारी माइल्स आणि चित्रकार अँगस यांना नॉर्थ हेडवरची खडकातली कोरीव चित्रं पाहायची होती. ती जागा मांत्रिकांची, तिथे जायचं नसतं, म्हणून कोराने आधी आढेवेढे घेतले. मग तिनेच ती दाखवली.