आरक्षण पडलेली जमीन: कलम १२७ मागचा इतिहास

सातबाऱ्यावर नाव मालकाचं, पण विकास आराखड्यात त्याच जमिनीवर बाग किंवा शाळा दाखवलेली. बांधकामाला परवानगी नाही आणि मोबदल्याचाही पत्ता नाही. आपल्या शहरांत याला ‘आरक्षण पडलं’ म्हणतात. पालिकेला हा अधिकार मिळाला कसा?

मुळाशी प्लेग आहे. १८९६ मध्ये मुंबईत साथ आली, ठपका दाट, कोंदट वस्त्यांवर ठेवला गेला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने घरं पाडून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. ट्रस्ट मात्र जमीन पैसे मोजून घेई. १९१५ च्या नगररचना कायद्याने दुसरी पद्धत आणली: सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-मैदानं काढायची आणि उरलेले भूखंड मालकांना परत वाटायचे. मला ही पद्धत आजही जास्त न्याय्य वाटते, कारण तीत झळ सगळ्यांना थोडी थोडी बसते. आरक्षणात ती ज्याच्या जमिनीवर आराखड्यात आरक्षणाचा रंग पडला, त्या एकट्याला बसते.

संपूर्ण शहराचा आराखडा करणं १९५४ च्या कायद्याने बंधनकारक झालं. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात मालकासाठी कलम १२७ आलं. आराखडा लागू होऊन १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकाने नोटीस द्यायची; त्यानंतर ६ महिन्यांत पालिका हलली नाही, तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द.

‘हलली’ म्हणजे काय, यावरच खटले झाले. पालिका नुसता ठराव करून वेळ मारून नेत. २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एवढं पुरेसं नाही, भूसंपादनाची खरी कार्यवाही हवी. पण कायद्यातली ही ६ महिन्यांची मुदत २००९ मध्ये १२ महिने झाली आणि २०१५ मध्ये २४. नोटिशीनंतरची मालकाची प्रतीक्षा विधिमंडळानेच चौपट केली, हे मला अन्यायाचं वाटतं.

जमीन घ्यायला पालिकेकडे पैसे नसतात, या अडचणीवर मुंबईत १९९१ च्या नियमावलीने टीडीआरचा तोडगा काढला: जमीन द्या, बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकाम हक्क घ्या. जिथे घरांना भाव आहे तिथे तो चालला. छोट्या शहरांत त्याला गिऱ्हाईक मिळणं कठीण. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने रोख मोबदला वाढवला आणि पालिकांचा हात आणखी आखडला. मग आरक्षण व्यपगत होतं, तिथे इमारत उभी राहते आणि वस्तीला मिळायचं मैदान कायमचं जातं.