कॅनॉपीची चकाकी (प्रतिकृती विमाने)

प्रमाणबद्ध प्रतिकृती विमानाच्या वैमानिक-कक्षावरील पारदर्शक प्लॅस्टिकच्या भागास, म्हणजे कॅनॉपीस, काचेसारखी स्वच्छ झळाळी आणण्यासाठी घासकाम, पॉलिश आणि लेपन या प्रक्रिया केल्या जातात. प्लॅस्टिकचे जुळणी-संच १९३६ मध्ये ब्रिटनच्या ‘फ्रॉग पेंग्विन’ मालिकेपासून बाजारात आले. ते सेल्युलोज ॲसिटेटचे होते. पुढे पॉलिस्टायरीन रूढ झाले आणि आजच्या पद्धती त्याच्याच गुणदोषांना अनुसरून घडलेल्या दिसतात. संचातील इतर भागांच्या पॉलिस्टायरीनमध्ये चिवटपणासाठी रबर मिसळलेले असते. पारदर्शक भागात ते नसते, कारण रबराचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात. त्यामुळे कॅनॉपी ठिसूळ असते आणि संचातील भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यापासून कापताना सहज तडकते.

धूसरपणाची कारणे मुख्यतः दोन आहेत : पृष्ठभागावरील ओरखडे आणि भागाची जाडी. १:७२ प्रमाणात १ मिमी जाडीचे प्लॅस्टिक ७२ मिमी जाडीच्या काचेचे प्रतिनिधित्व करते. त्यातून दिसणारी वक्रता व कडांवरील विरूपण कोणत्याही पॉलिशने जात नाही. तेथे प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यापासून निर्वात पद्धतीने (तापवलेला पत्रा हवा शोषून साच्यावर बसवून) घडवलेली पर्यायी कॅनॉपी हाच खरा उपाय होय.

ज्या कॅनॉपीच्या कडा खाली आत वळतात (उदा., एफ-१६, सुखोई-२७), ती साच्यातून काढण्यासाठी साच्याचे भाग बाजूंना सरकावे लागतात आणि मधोमध बारीक उंचवट्याची रेषा उरते. ही रेषा धारदार पात्याने खरवडून नंतर ओल्या वॉटर पेपरने (पाण्यासह वापरायच्या घासकागदाने) उत्तरोत्तर बारीक श्रेणीत घासतात. ‘मायक्रो-मेश’ या घासपट्ट्यांचे क्रमांक नेहमीच्या कागदाच्या मापात बसत नाहीत; त्यातील १५०० हा वॉटर पेपरच्या १५०० पेक्षा पुष्कळच खरखरीत असतो आणि मालिका १२००० पर्यंत जाते. पॉलिस्टायरीन सुमारे १०० °से. ला मऊ होते, म्हणून यंत्राने किंवा कोरडे, जोराने घासल्यास पृष्ठभाग वितळून चिकटतो. शेवटी पॉलिशची लुगदी मऊ कापडाने फिरवतात.

लेपनासाठी पाण्यात मिसळलेल्या ॲक्रिलिक बहुवारिकांचे (पॉलिमरांचे) फरशीचे पॉलिश सर्वांत लोकप्रिय ठरले. अमेरिकेत ते ‘फ्यूचर’ आणि ब्रिटनमध्ये ‘क्लिअर’ या नावांनी ओळखले गेले. नंतर नावे व मिश्रणे बदलली, त्यामुळे जुन्या सूचना नव्या बाटलीस लागू करताना सावधगिरी बाळगलेली बरी. प्रतिकृतिकारांनी ते केव्हा स्वीकारले याची नेमकी तारीख देण्यापेक्षा विसाव्या शतकाचा उत्तरार्ध एवढेच म्हणणे योग्य होईल.

लेपाने चकाकी कशी येते याविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार लेप स्वतःच अधिक चमकदार असतो. हे मत गणिताशी जुळत नाही. पॉलिस्टायरीनचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो हे दर्शवणारा अंक) सुमारे १.५९ आणि ॲक्रिलिकचा सुमारे १.४९ आहे; लंब दिशेने पडलेल्या प्रकाशापैकी पहिल्याच्या उघड्या पृष्ठभागावरून सुमारे ५.२ टक्के, तर दुसऱ्याच्या पृष्ठभागावरून सुमारे ३.९ टक्के प्रकाश परावर्तित होतो, म्हणजे लेपाने परावर्तन किंचित घटतेच. दुसरे मत असे की, द्रव लेप ओरखड्यांत शिरून स्वतःच्या पृष्ठताणामुळे समतल होतो. लेप व प्लॅस्टिक यांच्या सीमेवर केवळ सुमारे ०.१ टक्का प्रकाश परततो, त्यामुळे भरलेला ओरखडा जवळजवळ अदृश्य होतो आणि उरलेले परावर्तन गुळगुळीत पृष्ठभागावरून एकाच दिशेने जाते. हेच स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. खोल ओरखडे लेपाने का झाकले जात नाहीत हेही त्यावरून कळते : लेप आक्रसत सुकतो आणि तेथे खोलगट रेषा उरते.

भाग जोडण्यासाठी वापरलेल्या सायनोॲक्रिलेट (झटपट चिकटणाऱ्या) गोंदाच्या वाफा ओलाव्याच्या संपर्कात घनरूप होऊन कॅनॉपीवर पांढरी भुकटी बसते. आधी दिलेला लेप ती रोखतो असे सर्रास सांगितले जाते. वाफा लेपावरही बसतात, मात्र लेप अमोनियायुक्त काच-स्वच्छकाने विरघळवून भुकटीसह काढता येतो, हा त्याचा खरा लाभ दिसतो. नंतर दिलेला लेप भुकटीच्या कणांमध्ये शिरून त्यांना बऱ्याच अंशी दिसेनासे करतो.

भाग लेपात बुडवून खालच्या कडेला साचलेला थेंब कागदाच्या टोकाने शोषून घेतात आणि धूळ टाळण्यासाठी झाकून किमान एक दिवस सुकवतात. लॅकरमधील तीव्र द्रावकांनी ताण असलेले पॉलिस्टायरीन बारीक भेगाळते, म्हणून ते वर्ज्य मानतात. काही एफ-१६ विमानांच्या कॅनॉपीवरील धातुयुक्त थराची सोनेरी छटा दाखवण्यासाठी लेपात पारदर्शक रंग अत्यल्प प्रमाणात मिसळला जातो. असा रंगीत लेप बुडवून दिल्यास खालच्या कडेला गडद पट्टा पडण्याची शक्यता असते, म्हणून पातळ फवारे देणे श्रेयस्कर.